सार्थाची शिदोरी

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भाड्याची कॅराव्हॅन घेऊन कोकणात गेलो, तेव्हा सासूबाई घरी राहिल्या. यजमान, मी, मुलगा आणि मुलगी असे चौघेच निघालो. निघण्याच्या आदल्या रात्री त्या म्हणाल्या होत्या, "माझं पाणी गाळायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, कंदमूळ चालायचं नाही. मुलं मौजेला निघालीत, त्यांना माझ्या नियमांत कशाला अडकवता? तुम्ही जाऊन या." त्यांच्या बोलण्यात रुसवा नव्हता, तक्रारही नव्हती. म्हणूनच आम्ही ते सहज मानून घेतले. आज लिहिताना सांगायला हवे की, ते ऐकून मला मनातून थोडे हायसेच वाटले होते.

त्या सहलीला आम्ही घरातले जवळजवळ सगळे सामान नेले. चार माणसांना अकरा पिशव्या, तीन घडीच्या खुर्च्या, आठ चादरी, दोन क्रिकेटच्या बॅटी, आणि कोकणात मिळणार नाही या समजुतीने घेतलेले पाच किलो तांदूळ. आंबोली घाटाच्या एका वळणावर वरच्या फळीचे दार उघडले. पोह्यांचा आणि डाळीचा असे दोन स्टीलचे डबे खाली आले. मुलीच्या खांद्याला निसटता मार बसला. शंभर लिटरची पाण्याची टाकी दुसऱ्या दिवशी सकाळीच रिकामी झाली. परत आल्यावर पाहिले, तर अकरांपैकी तीन पिशव्यांची गाठही सुटलेली नव्हती. इतके सामान नेऊनही जे माणूस बरोबर असायला हवे होते, ते मागे राहिले होते.

यंदा डिसेंबरात आम्ही पुन्हा निघालो, ते श्रवणबेळगोळला. आणि या वेळी पाच जण निघालो. त्या प्रवासाची तयारी कशी केली, काय नेले, काय ठेवले आणि काय चुकले, ते आपल्या घरांतील भगिनींना उपयोगी पडेल असे वाटल्याने हा लेख. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून ही चाकांवरची घरे आपल्याकडेही दिसू लागली आहेत. हॉटेलचे स्वयंपाकघर ज्यांना चालत नाही, अशा आपल्या कुटुंबांना हे साधन विशेष सोयीचे आहे. मात्र ते भरण्याची रीत समजून घेतली तरच.

शब्द परका, वस्तू आपली

कॅराव्हॅन हा शब्द मूळ फारसी 'कारवान'. तो युरोपात गेला, तिथे त्याचेच टोक तुटून 'व्हॅन' झाले, आणि आता दोन्ही शब्द आपल्या दारात उभे आहेत. पण ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या ग्रंथांत तिचे नाव 'सार्थ', आणि तो सुखरूप नेणारा तो 'सार्थवाह'. उपासकदशांग सूत्रातील सद्दालपुत्राच्या प्रकरणात भगवान महावीरांना 'महासार्थवाह' असे विशेषण आले आहे. संसाराच्या अरण्यातून जीवांना पलीकडे नेणारा, असा त्याचा भाव.

श्वेतांबर परंपरेत भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवांची कथा एका सार्थापासूनच सुरू होते. आचार्य हेमचंद्रांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात ती सविस्तर येते. धन नावाचा सार्थवाह वसंतपूरला निघाला. त्याने नगरात दवंडी पिटवली की, ज्याच्याजवळ भांडे नाही त्याला भांडे मिळेल, वाहन नाही त्याला वाहन मिळेल, शिदोरी नाही त्याला शिदोरी मिळेल. आचार्य धर्मघोष आपल्या शिष्यांसह त्या सार्थाबरोबर निघाले. वाटेत पावसाळा लागला, चिखलात गाड्या रुतल्या, अरण्यातच तळ पडला. दिवस गेले आणि शिदोऱ्या संपल्या. तेव्हा एका रात्री धनाला एकदम आठवले, की आचार्यांची तर आपण विचारपूसही केलेली नाही! जे नियमाने राहतात, जे मागत नाहीत, त्यांचाच नेमका विसर पडला. सकाळी तो लज्जित होऊन त्यांच्याकडे गेला, आणि त्यांना कल्पेल असे तूप त्याने भावपूर्वक वहोरावले. त्या दानाने त्याला बोधिबीज लाभले.

दिगंबर परंपरेत, आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात, पूर्वभवांची मालिका वेगळी आहे. पण तिथेही प्रवासातील तळ आहे, आणि त्या तळावर दान आहे. राजा वज्रजंघ आणि राणी श्रीमती वाटेत शष्प सरोवराच्या काठी उतरलेले असताना दमधर आणि सागरसेन या मुनिराजांना त्यांनी आहारदान दिले, अशी ती कथा.

या कथा मी लहानपणापासून ऐकल्या होत्या. पण कोकणातून परतल्यावर एके दिवशी धन सार्थवाहाची कथा पुन्हा वाचनात आली, आणि त्या रात्रीच्या विसराशी येऊन मी थबकले. दवंडी पिटून सगळ्यांची सोय करणारा माणूस कोणाला विसरला? जो नियमात बांधलेला होता आणि म्हणून गप्प होता, त्याला. आमच्या घरात दुसरे काय झाले होते?

यादीचा आरंभ

सामानाची यादी बहुतेक घरांत वस्तूंपासून सुरू होते: कपडे, टॉवेल, चार्जर, खाऊ. या वेळी मी एक कोरी वही घेतली आणि पहिल्या पानावर पाच नावे लिहिली. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले. तुमचा नियम कोणता? तुमचे औषध कोणते? तुम्हाला कशाची धास्ती वाटते?

सासूबाईंनी आधी उत्तर देण्याचे टाळले. मग हळूहळू सांगितले. रात्रिभोजनाचा त्याग, गाळलेले आणि उकळलेले पाणी, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, सकाळ-संध्याकाळ सामायिक. गुडघ्याच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या. आणि धास्ती? "रात्री उठावं लागलं तर गाडीच्या पायऱ्या उतरायच्या कशा?" त्यांच्या मागे राहण्यातले निम्मे कारण हे होते, आणि ते आम्हाला इतक्या दिवसांत कळले नव्हते. गाडीत शौचालय असते आणि रात्री खाली उतरावे लागत नाही, एवढे एक वाक्य त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

मुलाला गाडी लागते, हे ठाऊक होते. पण मागच्या खेपेस त्याची जागा मागच्या चाकांच्या वर होती, जिथे हिसके अधिक बसतात, हे या प्रश्नांतून निघाले. मुलीला परीक्षेची धास्ती होती, म्हणून तिची दोन पुस्तके यादीत आली. यजमानांना भीती कागदपत्रांची. भाड्याची गाडी परराज्यात न्यायची, तर तिचा परवाना, कर भरल्याची पावती, विमा हे सर्व निघण्याआधी पाहून घ्यावे लागते. ते काम त्यांनी आठ दिवस आधी पूर्ण केले.

सहावे नाव मी नंतर लिहिले, ते गाडीच्या चालकाचे. कोकणात आम्ही जेवायला बसलो की ते धाब्यावर जात. त्यांच्या ताटाचा विचार आम्ही केला नव्हता. शिदोरी नसलेल्यालाही सार्थात घेणाऱ्या धनाची दवंडी आठवली, आणि यादीत पाचऐवजी सहा ताटे झाली.

भोग आणि उपभोग

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग यांतला भेद सोप्या शब्दांत सांगितला आहे. एकदा वापरून संपते तो भोग, जसे अन्न; पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, जसे वस्त्र. श्रावकाने या दोन्हींचे परिमाण करावे, म्हणजे मर्यादा ठरवावी, असे व्रत सांगितले आहे. सामान बांधताना याहून उपयोगी विभागणी मला सापडली नाही. वहीची दोन पाने केली: एकावर भोग, दुसऱ्यावर उपभोग.

भोगाच्या पानावर पहिले नाव पिठाचे. आमच्या परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस मानतात. आमचा प्रवास पाच रात्रींचा, ऋतू हिवाळ्याचा. निघण्याच्या आदल्या दिवशी गहू आणि ज्वारी दळून आणली की परत येईपर्यंत मर्यादेत बसते. हाच प्रवास श्रावणात असता, तर वाटेत पुन्हा दळण शोधावे लागले असते. म्हणून माझी सूचना अशी की, सहलीचे दिवस आणि पिठाचे दिवस एकत्र मोजावेत. सहा माणसांना सहा दिवसांसाठी दोन्ही मिळून सात किलो पीठ पुरले.

इतर जिन्नस असे: तांदूळ दोन किलो, मूगडाळ एक किलो, तूरडाळ अर्धा किलो, बेसन अर्धा किलो, अर्धा किलो तूप, गूळ, शेंगदाण्याचे कूट, मेतकूट, लसूण न घालता केलेले भडंग. वाटेत मुलांच्या हाताशी असावी म्हणून ज्वारीची कडक भाकरी. सासूबाईंसाठी मात्र रोजची ताजी. दुधी, दोडका, कच्ची केळी फक्त दोन दिवसांची घेतली. पुढची वाटेतील बाजारात मिळते. त्या आठवड्यात अष्टमी येत होती, ते पंचांगात पाहून ठेवले आणि त्या दिवसासाठी मूग आणि बेसन बाजूला काढले. दही घेतले नाही. डाळींबरोबर कच्चे दही चालत नाही, आणि हलत्या गाडीत त्याची बरणी सांभाळणे हा वेगळाच व्याप.

उपभोगाच्या पानावर नियम एकच केला. प्रत्येकाची एक मऊ पिशवी, मापाने सारखी. कडक पेट्या गाडीत मावत नाहीत आणि रिकाम्या झाल्या तरी जागा अडवतात. त्या पिशवीत तीन जोड, एक गरम कपडा, आणि दर्शन-पूजेसाठी धुतलेला वेगळा जोड. पुरुषांसाठी धोतर-दुपट्टा. चामड्याचे पट्टे आणि पाकिटे घरीच ठेवली; मंदिराच्या दारात काढत बसण्यापेक्षा ते बरे. अष्टद्रव्याची सामग्री एका डब्यात, तो डबा सासूबाईंच्या उशाशी.

मुलाने बॅटीसाठी हट्ट धरला. तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या अनर्थदंडविरतीचा अर्थ मी त्याला समजावू लागले: निष्प्रयोजन गोष्टींचा त्याग. तो म्हणाला, "आई, बॅट निष्प्रयोजन नाही, चेंडू आहे की!" शेवटी एक बॅट घेतली. मर्यादा घालताना एखादी खिडकी उघडी ठेवावी लागते.

पाणी

कॅराव्हॅनमध्ये सर्वांत आधी संपते ते पाणी, आणि सर्वांत जड असते तेही पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो. भरलेली शंभर लिटरची टाकी म्हणजे गाडीत बसलेली दीड माणसे. म्हणून टाकी दोन करणे हा उपाय नव्हे. वापर निम्मा करणे हाच उपाय.

या बाबतीत आम्ही सासूबाईंच्या हाताखाली शिकलो. त्यांनी पहिल्याच दिवशी बेसिनच्या नळाशेजारी एक तांब्या ठेवला. नळ सोडायचा तो तांब्यात, आणि हात धुवायचे ते तांब्यातून. नळाखाली हात धरला की पाणी किती गेले ते दिसत नाही. तांब्यात ते दिसते. आंघोळी धर्मशाळेत केल्या. भांडी आधी कागदाने पुसून मग थोड्या पाण्यात धुतली. तीच शंभर लिटरची टाकी, माणसे दोन अधिक, आणि ती तीन दिवस पुरली.

पिण्याचे पाणी वेगळे. नळाचे पाणी दुहेरी जाड सुती गाळण्यातून गाळून, रोज सकाळी बारा लिटर उकळायचे. उकळलेल्या पाण्याची मर्यादा आम्ही चोवीस तासांची पाळतो, त्यामुळे रोजचे रोज करणे आलेच. उकळणे गाडी उभी असतानाच करावे, आणि पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या कॅनमध्ये भरून कॅन जमिनीवर पट्ट्याने बांधावा. गाळणी दोन न्यावीत. एक वाळत असताना दुसरे हाताशी असते.

सांडपाण्याविषयीही सांगायला हवे. गाडीच्या तळाशी सांडपाण्याची टाकी असते आणि शौचालयाची पेटी वेगळी. त्या कुठेही रस्त्याकडेला रित्या करण्याचा मोह होतो. साबणाचे पाणी मुंग्यांच्या वारुळावर ओतून वर गाळलेले पाणी पिण्यात काय अर्थ? धर्मशाळेच्या व्यवस्थापकांना आधी दूरध्वनी करून, गाडी कुठे लावायची, वीज कुठून घ्यायची आणि टाक्या कुठे रित्या करायच्या, हे तिन्ही प्रश्न विचारून ठेवावेत.

भार आणि वेळ

गाडी भरण्याचा नियम थोडक्यात असा. जड ते खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये. हलके ते वर. तांदूळ, डाळी, पाण्याचे कॅन जमिनीलगतच्या कप्प्यात. वरच्या फळ्यांवर फक्त कपडे आणि चादरी, म्हणजे दार उघडलेच तरी डोक्यावर पांघरूण पडेल, डबा नव्हे. प्रत्येक कप्प्याची खिटी निघण्याआधी एका माणसाने हाताने ओढून पाहायची. ते काम मुलीने घेतले, कारण खांदा तिचा दुखावला होता. स्टीलच्या डब्यांमध्ये टॉवेल घातले की खडखडाट थांबतो. गाडी चालू असताना गॅसच्या टाकीची तोटी बंदच हवी, आणि कोणीही पलंगावर निजायचे नाही. सर्वांनी आसनावर पट्टा लावून बसायचे. स्वयंपाक करताना एक खिडकी उघडी ठेवावी.

दुसरा भार वेळेचा. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे, तर पावणेपाचला गाडी थांबायला हवी. मागच्या सहलीत आम्ही अंतरावरून मुक्काम ठरवला होता. या वेळी सूर्यावरून ठरवला. त्यामुळे रोज पहाटे निघावे लागले, पण अंधारात अनोळखी रस्त्यावर मुक्काम शोधण्याची वेळ एकदाही आली नाही. जो नियम आम्हाला अडचणीचा वाटत होता, त्यानेच प्रवास सुरक्षित केला.

मुलांना रात्रिभोजनत्याग सक्तीचा केला नव्हता. मुलीने आपण होऊन सहा दिवसांचा नियम घेतला आणि पाळला. मुलाने तीन दिवस पाळला. चौथ्या रात्री नऊ वाजता त्याला भडंगाचा डबा हवा झाला. सासूबाई जाग्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी त्याला एवढेच म्हणाल्या, "तीन दिवस झाले ना? ते कुठे गेले नाहीत." चालक काकांसाठी मात्र रात्रीचा डबा मी संध्याकाळीच भरून ठेवीत असे; दिवसभर गाडी हाकणाऱ्याची भूक आपल्या नियमाने मोजू नये.

वाटेवर

कोल्हापूरहून निघून पहिले दर्शन स्तवनिधीचे. बेळगावच्या किल्ल्यात 1204 मध्ये बांधलेली कमल बसदी पाहिली. तिच्या छतातील दगडी कमळाखाली मुले मान वर करून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी गदगजवळचे लक्कुंडी. तेथील ब्रह्म जिनालय अकराव्या शतकाच्या आरंभीचे, दानचिंतामणी अत्तिमब्बे हिच्या नावाशी जोडलेले. कवी पोन्नाच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून तिने वाटल्या, अशी तिची ख्याती आहे. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या पोथ्या नेल्या कशा असतील गाड्यांतून?" सामान बांधणाऱ्या बाईलाच सुचेल असा प्रश्न होता तो.

तिसऱ्या दिवशी मजल मोठी होती. संध्याकाळी साडेचारला श्रवणबेळगोळला पोहोचलो. सासूबाई यापूर्वी तिथे आल्या होत्या त्या 1981 च्या महामस्तकाभिषेकाला, लग्नानंतर थोड्याच वर्षांनी. गावातल्या घरांनी मिळून ट्रक केला होता. वळकट्या, सतरंज्या, रॉकेलचा स्टोव्ह, तांब्याची कळशी, गाळणे आणि दशम्यांची गाठोडी. त्याच यात्रेत त्यांनी रात्रिभोजनत्यागाचा नियम घेतला होता. हे आम्हाला त्या संध्याकाळी, गाडीच्या दारात बसून भाकरी खाताना कळले. ज्या नियमामुळे त्या आमच्याबरोबर येत नव्हत्या, तो नियम याच डोंगराच्या पायथ्याशी घेतलेला होता.

विंध्यगिरीला खडकात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या आहेत, आणि अनवाणी चढावे लागते. डोली मिळते. सासूबाईंनी डोलीकडे पाहिले आणि नको म्हणाल्या. "जमेल तिथवर चढते. नाही जमलं तर तिथून हात जोडते." सकाळी फाटक उघडताच आम्ही निघालो, कारण ऊन चढले की खडक तापतो. त्या चढणीसाठी एक लहान कापडी पिशवी वेगळी भरली होती: गाळून उकळलेले पाणी, जाड मोजे, गुडघ्याचा पट्टा, गोळ्या, जपमाळ. आणखी काही नाही. ती पिशवी मुलाच्या खांद्यावर होती आणि बॅट गाडीत होती.

दहा-बारा पायऱ्या, मग बसणे. पुन्हा दहा-बारा. दोन तासांहून अधिक वेळ लागला. मागे कोणती बस सुटणार नव्हती, खोली सोडायची नव्हती, जेवणाची वेळ टळणार नव्हती. घर पायथ्याशी उभे होते. सुमारे 57 फुटांची ती मूर्ती, इसवी सन 981 च्या सुमारास गंगांचा मंत्री चामुंडराय याने करवून घेतलेली. तिच्या पायाशी मराठीत कोरलेला लेख आहे. मुलीने तो शोधून आजीला दाखवला. कानडी मुलखात, बाहुबलींच्या चरणाशी आपली भाषा शतकानुशतके उभी आहे, हे पाहून सासूबाई बराच वेळ तिथेच बसून राहिल्या. घरदार, राज्य, सर्व टाकून उभा राहिलेला तो महापुरुष. त्याच्या दर्शनाला येताना आपण किती सामान आणतो, असे मनात आले आणि थोडी लाजही वाटली.

परत आल्यावर

घरी आल्यावर पिशव्या उघडल्या. प्रत्येकाची एक, म्हणजे पाच. तांदूळ वाटीभर उरला होता, पीठ संपले होते, बॅट एकदाच वापरली होती. दोन चुका झाल्या होत्या. विजेची लांब वायर आखूड पडली, कारण धर्मशाळेतील जोडणी गाडीपासून लांब होती. पुढच्या वेळी पंधरा मीटरची घ्यायची. आणि सासूबाईंची पिशवी वरच्या फळीवर ठेवली होती. त्यांना हात पुरत नसे, पण त्यांनी सहा दिवसांत एकदाही सांगितले नाही. सहाव्या दिवशी मुलीच्या लक्षात आले.

ही दुसरी चूक मी वहीच्या पहिल्या पानावर, नावांच्या खाली, ठळक लिहून ठेवली आहे. नियमाने राहणारी माणसे मागत नाहीत. यादी करणाऱ्यानेच त्यांना आधी आठवावे लागते, आणि एकदा आठवून भागत नाही.

वाचकहो, उन्हाळ्याची सुट्टी जवळ येते आहे. आपल्या घरीही कोणी "तुम्ही जाऊन या" असे म्हणत असेल. त्यांच्या नियमांना सामानात किती जागा लागते, ते एकदा मोजून पाहा. आमच्या घरी ती इतकी भरली: दोन गाळणी, एक पातेले, एक तांब्या, आणि पावणेपाचला थांबणारी गाडी.

जय जिनेंद्र.